खिडकी कुठं धरायची

स्टिरिओ कॅमेऱ्याला दोन भिंगं असतात, त्यामुळं लोकांना वाटतं की चित्रातली खोली कॅमेराच घेऊन येतो. तो आणतो फक्त दोन सपाट चित्रं. ७० मिलिमीटर अंतरावरून एकाच क्षणी टिपलेली, जवळपास सारखी. आणि सगळा ऐवज त्या ‘जवळपास’मध्ये. धुऊन आलेल्या फिल्मच्या पट्टीवर ही दोन चित्रं शेजारी-शेजारीही नसतात. मध्ये भलत्याच दृश्यांची दोन चित्रं येतात, आणि सगळीच डोक्यावर उभी. ही पट्टी कापायची, जोड्या लावायच्या आणि एकेक जोडी चौकटीत अशी बसवायची की बघणाऱ्यानं नुसते डोळे लावावेत आणि समोर जागा उघडावी, या कामाला माउंटिंग म्हणतात. मी ते शिकलो सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्याच्या माळ्यावर.

या भागात वळलं की यंत्रमागांचा खटखटाट एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत जातो, मध्ये कुठं तुटत नाही. मी तिथल्या एका कारखान्याचे हिशेब बघायला जातो. त्याच्या माळ्यावर पूर्वी जेकार्डचं डिझाइन खातं होतं. चादरीवरचा मोर, कमळ, किनारीची वेल हे सगळं आधी ग्राफ पेपरवर उतरायचं. एक उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. चौकोन भरला तर धागा वर, रिकामा तर खाली. त्याबरहुकूम पत्त्यांना भोकं पडायची, पत्ते दोऱ्यानं ओवून त्यांची माळ जेकार्डवर चढायची. ज्यांनी हे काम जन्मभर केलं त्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो. घरात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. नक्षी कॉम्प्युटरवर गेली, जेकार्ड इलेक्ट्रॉनिक झालं आणि मास्तरांचं टेबल रिकामं पडलं. वर काच, खाली ट्यूबलाइट असं ते टेबल. जुन्या नक्षीवरून नवी उतरवून घ्यायला केलेलं. पुढं पुतण्यानं अमेरिकेतून जुना ‘स्टिरिओ रिअलिस्ट’ कॅमेरा आणून दिला आणि टेबलाला पुन्हा काम मिळालं.

शिकवायला बसले तेव्हा मास्तरांनी आधी फिल्म काढलीच नाही. ग्राफ पेपरचा एक तुकडा पुढं सारला. त्यावर काळे-पांढरे चौकोन वाटेल तसे भरलेले. ना मोर, ना वेल. शेजारी त्याचीच नक्कल, फरक एवढाच की मधला एक चौरस दोन घरं आत सरकवलेला. दोन्हींवर एकेक पिक ग्लास ठेवली. कापडात इंचाला किती धागे आहेत ते मोजायचं हे घडीचं भिंग इथं कुणाच्याही खिशात सापडेल. ‘दोन्ही डोळ्यांनी एकदम बघ. काही शोधू नको. गप बघत ऱ्हा.’ थोड्या वेळानं त्या गोंधळातून एक चौरस सुटला आणि कागदाच्या वर येऊन थांबला. डावा डोळा मिटला की नाहीसा, उजवा मिटला तरी नाहीसा.

कॅमेऱ्यासोबत आलेल्या एका पुस्तकात बेला युलेशचे ठिपके होते, तेच मास्तरांनी जेकार्डच्या ग्राफवर आणले होते. युलेश बेल लॅबमध्ये होता. १९५९ च्या सुमारास त्यानं कॉम्प्युटरकडून असे अर्थहीन ठिपके काढून घेतले आणि दाखवून दिलं की खोली दिसायला आधी वस्तू ओळखावी लागत नाही. मेंदू दोन चित्रांतला फरकच वाचतो. त्याच्या एकशेवीस वर्षं आधी, १८३८ मध्ये, चार्ल्स व्हीटस्टननं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं दोन आरशांचा स्टिरिओस्कोप मांडला, तेव्हा फोटोग्राफी जाहीरही झालेली नव्हती. त्यानं वापरल्या त्या हातानं काढलेल्या रेषाकृती. म्हणजे हे शास्त्र जन्मलं ड्रॉइंगच्या टेबलावर, कॅमेरा मागाहून आला. मास्तरांना याचा फार आनंद होता. त्यांच्या दृष्टीनं बाजू डिझायनरची ठरत होती.

आपलं म्हणणं ते खालच्या मागावरून समजावत. टेरी टॉवेलला दोन ताणे असतात, एक तळाचा, ताठ, दुसरा ढिला. तीन बाणे पडले की फणी त्यांना एकदम पुढं ठोकते, ताठ ताण्यावरून ते सरकतात, आणि ढिल्या ताण्याचं जादा सूत वर उचलून लूप होतो. ‘दोन्ही ताणे सारखेच ताणले तर पंचा. फरक ठेवला म्हणून टॉवेल. पण फरक किती ठेवायचा ते मागावर ठरतं, सुतात नाही.’

रिअलिस्ट हा मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीचा कॅमेरा. सीटन रॉक्वाइटनं त्याची रचना केली, १९४७ मध्ये तो बाजारात आला. त्या काळी अमेरिकेत त्याची हौस एवढी होती की अध्यक्ष आयझेनहॉवरही तो वापरत आणि मूकपटांचा विनोदवीर हॅरॉल्ड लॉइडही. साध्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चालतो. छत्तीसच्या रोलमध्ये २८-२९ जोड्या बसतात. त्याची चौकट फिल्मच्या पाच छिद्रांएवढी, नेहमीच्या कॅमेऱ्याची आठ. म्हणून फिल्म धुवायला देताना पाकिटावर ठळक लिहावं लागतं: कापू नये, माउंट करू नये. कटर आठ छिद्रांच्या सवयीनं चाललं तर सगळ्या रोलची खांडोळी होते. स्लाइडची फिल्म महाग, धुणाऱ्या लॅब बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि स्लाइडला निगेटिव्ह नसते. जे हातात आलं तेच मूळ, तेच शेवटचं. मास्तर कात्री घेतात तेव्हा मी श्वास रोखतो. ते मात्र नक्षीचा ग्राफ कापावा तसे सहज कापतात.

कापण्याआधी एक गोष्ट पक्की समजली पाहिजे, ती म्हणजे अदलाबदल. कॅमेऱ्यात प्रत्येक भिंग आपापलं चित्र उलटं करून टाकतं. मागून पाहिलं तर डाव्या भिंगाचं चित्र डावीकडंच असतं, फक्त डोक्यावर उभं. ते सुलटं करायला पट्टी गर्रकन फिरवली की चित्रं सुलटी होतात, पण डावं जातं उजवीकडं. तेव्हा प्रत्येक जोडी सुटी करून जागा बदलून घ्यावीच लागते. कॅमेऱ्याला हे जमत नाही. माणसानंच करायचं काम आहे, आणि विसरायला सगळ्यात सोपंही तेच. मास्तर कापण्याआधी पट्टीवर, चित्राबाहेरच्या काठाला, प्रत्येक डाव्या चित्रापाशी पेनानं बारीक ठिपका देतात. एवढ्या ठिपक्यावर पुढचं सगळं चालतं.

अदलाबदल राहिली तर काय होतं ते पाहायला त्यांच्याकडं एक डबा आहे. पत्र्याचा, पूर्वी सुईदोऱ्याचा. त्यात मुद्दाम चुकवलेल्या स्लाइडा आहेत, एकेका स्लाइडमध्ये एकेक खोट. शिकणाऱ्यानं बघायचं आणि खोट सांगायची. यापेक्षा चांगली शिकवणी मी पाहिलेली नाही. बरोबर स्लाइड बघून काही कळत नाही. ती बघताना आपण मागाकडं बघतो, माणसाकडं बघतो, माउंटिंगकडं बघतच नाही.

डब्यातली पहिली स्लाइड डावं-उजवं बदललेली. कारखान्याच्या दाराशी दोन बायका बसून टॉवेलांच्या कडा निरखताहेत. आधी सगळं ठीक वाटलं, नुसती कसलीशी अडचण. मग लक्षात आलं की दारामागचा अंधार दाराच्या पुढं आलाय, दाराची चौकट त्यात खणल्यासारखी आत गेलीय, आणि ढिगातला वरचा टॉवेल तळाशी आहे. चेहरे मात्र जसेच्या तसे, फुगीर. खरं तर त्या बायकांची नाकं आत जायला हवी होती. पण चेहरा आत वळलेला मानायला मेंदू तयारच होत नाही. डोळ्यांची साक्ष फेटाळून तो आपल्या ओळखीवर चालतो. व्हीटस्टननंच १८५२ मध्ये अशी उलटी खोली दाखवणारं स्यूडोस्कोप नावाचं यंत्र वर्णन केलं होतं, आणि कुठल्या वस्तू उलटतात, कुठल्या उलटायला नकार देतात, हे त्यातून दिसत होतं. म्हणून मास्तर सांगतात, जोडी तपासताना चेहऱ्याकडं बघायचंच नाही. तारा बघ, खांब बघ, एकापुढं एक आलेल्या कडा बघ.

दुसऱ्या स्लाइडमध्ये एक तुकडा दुसऱ्यापेक्षा किंचित वर. तिसरीत एक तुकडा तिरका. चौथीत एक तुकडा पालथा: मॅट बाजू प्रकाशाकडं हवी, चकचकीत बाजू बघणाऱ्याकडं, एक बरोबर, एक उलट, त्यामुळं दुकानाची पाटी एका डोळ्याला सरळ आणि दुसऱ्याला आरशातली. ही लगेच सापडते. वर-खालची आणि तिरकी या दोन मात्र चकवतात, कारण त्या दिसत नाहीत, जाणवतात. कपाळाच्या आत कुणीतरी हळूच दोरी ओढावी तसं. आपले डोळे एकमेकांकडं वळू शकतात, तो त्यांचा रोजचा धंदा. पण एक वर आणि दुसरा खाली जायची त्यांना सवय नाही. बाहेरच्या बाजूला फाकायचीही नाही, म्हणून दूरच्या वस्तूंमधलं अंतर व्ह्यूअरच्या भिंगांमधल्या अंतरापेक्षा जास्त झालेलं चालत नाही. एखाद-दुसरा दशांश मिलिमीटर ते सांभाळून घेतात. प्रोजेक्टरवर तेवढीही मोकळीक नाही: २१ मिलिमीटरचं चित्र दीड मीटर पडद्यावर टाकलं तर ते सत्तर पटीनं वाढतं, आणि ०.२ मिलिमीटरची उंच-सखल जवळपास दीड सेंटिमीटर होते. आमच्या पिढीनं ‘छोटा चेतन’ चष्मा लावून पाहिला आणि डोकं धरून बाहेर आली; दोष चष्म्याला दिला. अशा डोकेदुखीचं मूळ पुष्कळदा चष्म्यात नसतं, दोन चित्रं एकमेकांवर नीट बसलेली नसतात.

त्याच डब्यात एक स्लाइड बरोबरही आहे. कोणती, ते मास्तर सांगत नाहीत. नवा माणूस तिच्यातही हटकून खोट काढतो, आणि ते ती खोट गंभीरपणानं वहीत लिहून घेतात.

हे सगळं दुरुस्त करायला परदेशात काचेवर रेघा आखलेलं मापक मिळतं. मास्तरांनी मिलिमीटरचा ग्राफ ट्रान्सपरन्सीवर झेरॉक्स करून घेतला आणि टेबलाच्या काचेवर चिकटवला. त्यावर ॲल्युमिनियमचा मास्क, म्हणजे दोन भोकांची चौकट, ठेवायचा, तुकडे चिमट्यानं त्याच्या दुमडींखाली सरकवायचे, मग दोन्ही तुकड्यांतला एकच बिंदू, समजा मागाचा एखादा नट, एकाच आडव्या रेघेवर आणायचा. एक बिंदू जमला की झालं असं नाही. तुकडा तिरका असेल तर डावीकडचा बिंदू जुळतो आणि उजवीकडचा सुटतो. दोन्ही टोकांना धरून हलवायचं, नखाच्या टोकाएवढं, आणि मग पुन्हा पहिल्या बिंदूकडं यायचं. मी पुढं पुढं करू लागलो की मास्तरांचं ठरलेलं वाक्य, ‘घाई कशाला करलालास? फिल्म पळून जाणाराय का?’

आता यातली खरी अडचण. माउंटिंगचा सराव वाढतो तसे डोळेही सरावतात, आणि ते वाईट. नवख्याला जी स्लाइड टोचते ती आठ दिवसांनी त्याच माणसाला गुळगुळीत वाटते. स्लाइड सुधारलेली नसते, डोळे समजूतदार झालेले असतात. खोट त्यांनी आपल्या अंगावर घेतलेली असते. म्हणजे जो रोज माउंट करतो तोच आपल्या कामाचा सगळ्यात नालायक परीक्षक. मला या हस्तकलेतली ही गोष्ट फार विचार करण्यासारखी वाटते. इतर कामांत हात बसला की नजरही बसते, इथं नजर बसली की ती कामातून गेली.

त्यावर काही उपाय आहेत. व्ह्यूअर डोळ्यांपासून हळूहळू लांब न्यायचा. जुळलेलं चित्र फुटून दोन होतं, आणि फुटण्याच्या त्या क्षणी वर-खालचा फरक उघडा पडतो. किंवा डोळे आळीपाळीनं मिटायचे. चित्र आडवं हललं तर ठीक, उभं उडालं तर खोट. पण मास्तरांचा मुख्य उपाय म्हणजे मामा. मामा खालच्या शेडमधले जॉबर, म्हणजे माग लावून देणारे मिस्त्री. लहानपणापासून तिरळेपणा असल्यानं त्यांचे दोन डोळे एकत्र काम करत नाहीत. एका वेळी एकच बघतो. व्ह्यूअरमधून त्यांना चित्रं सपाटच दिसतात. त्यामुळंच मेंदूनं त्यांच्यासाठी काहीही सांभाळून घेतलेलं नसतं. ते एक डोळा लावतात, मग दुसरा, आणि सांगतात: ‘डावीकडचा जरा काळपट हाय. अन् हितं खांब झुकलाय, तिकडं सरळ हाय.’ मापकावर ठेवलं की तसंच निघतं.

मी त्यांना स्युझन बॅरीची गोष्ट सांगितली होती. अमेरिकेतली ही मज्जाशास्त्राची प्राध्यापिका; लहानपणच्या तिरळेपणामुळं तिला खोली दिसत नव्हती, चाळिशी उलटून गेल्यावर डोळ्यांचे व्यायाम केल्यानंतर दिसू लागली. ऑलिव्हर सॅक्सनं २००६ मध्ये तिच्यावर लेख लिहिला, पुढं तिनं स्वतःही पुस्तक लिहिलं. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘मग तपासायला तुमच्याकडं कोण येणार?’

वर-खाली, तिरकं, उलटं हे सगळं मोजून सुटतं. खिडकी मोजून सुटत नाही. स्टिरिओ चित्राची चौकट ही चित्राची कड नसते. ती हवेत कुठंतरी टांगलेली खिडकी असते आणि आपण तिच्यातून पलीकडं बघत असतो. ही खिडकी किती लांब टांगायची ते माउंट करणारा ठरवतो. मास्तरांनी मला माळ्याच्या खिडकीशी उभं केलं. बाहेर कडुलिंब, त्यामागं पाण्याचा टँकर. ‘डावा डोळा मीट. आता उजवा.’ डाव्या डोळ्याला खिडकीच्या उजव्या कडेशी बाहेरचं जास्त दिसतं, उजव्याला डाव्या कडेशी. वाचणाऱ्यानं आत्ता उठून घरच्या खिडकीशी करून बघावं. जोडी बसवताना हीच खूण: डाव्या कडेपाशी उजव्या चित्रात जास्त दिसलं पाहिजे. कमी दिसत असेल तर चित्र खिडकीच्या अलीकडं आलं आहे.

अलीकडं यायला हरकत नाही. धोट्याचं टोक, सुताचा धागा, पाण्याचा फवारा खिडकीतून बाहेर डोकावला तर बघणारा दचकतो, खूश होतो. पण अलीकडं आलेली वस्तू बाजूच्या कडेनं कापली गेली तर घोटाळा. खिडकी मागं आहे, मग तिनं पुढची वस्तू झाकली कशी? डोळ्यांना हे पटत नाही, आणि चित्र कडेला लुकलुकत राहतं. रिअलिस्टच्या रचनेत यावर युक्ती आहे: फिल्मसमोरच्या दोन चौकटींमधलं अंतर भिंगांमधल्या अंतरापेक्षा सव्वा मिलिमीटरनं जास्त, त्यामुळं खिडकी आपोआप दोन मीटरच्या आसपास पडते. त्याहून जवळचं काही घेतलं तर जवळच्या दृश्यासाठीचा मास्क लावायचा. त्याची भोकं अरुंद आणि एकमेकांच्या जवळ असतात. डाव्या चित्राची डावी कड आणि उजव्याची उजवी कड छाटली जाते, खिडकी पुढं येते. छाटलेलं मात्र गेलं.

आणि एमआयडीसीत जवळचंच घ्यावं लागतं. नियम असा की भिंगांमधल्या अंतराच्या तीस पट लांब उभं राहावं, म्हणजे दोन मीटर आणि थोडं वर. दोन मागांमधल्या वाटेत दोन मीटर मागं सरायचं म्हटलं तर पाठीला दुसरा माग लागतो. त्यात मागं शेडची लांबलचक रांग दिसत असली तर जवळच्या आणि दूरच्या बिंदूंतला फरक फिल्मवर १.२ मिलिमीटरच्या फार पुढं जातो, आणि हे कुठल्याही मास्कनं निस्तरत नाही. एक बघू गेलं की दुसरं फुटतं. मास्तरांनी यावर इथलाच तोडगा काढला. मागाच्या मागं एक चादर टांगायची. दूरचं झाकलं की जवळ जाता येतं. त्यामुळं त्यांच्या निम्म्या चित्रांत पार्श्वभूमीला स्वतः काढलेल्या नक्षीचे मोर आहेत. हा शास्त्राचा नाइलाज की जाहिरात, ते त्यांनी कधी स्पष्ट केलेलं नाही.

रुईच्या कणांबद्दलही सांगायला हवं. साध्या फोटोवरचा कण डाग असतो, डोळा त्याला सोडून देतो. स्टिरिओत तो एकाच डोळ्याला दिसतो. त्याचा जोडीदार सापडत नाही म्हणून मेंदू त्याला कुठंच बसवू शकत नाही, आणि तो हवेत चमचमत राहतो. यंत्रमागाच्या शेडवरच्या माळ्यावर अशा कणांना तोटा नाही. उन्हाळ्यात कोरड्या हवेनं फिल्मवर स्थिर वीज साचते, ती त्यांना ओढून घेते. पावसाळ्यात बुरशीची भीती. म्हणून माउंटिंग सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, पंखा बंद करून. रबरी फुंकणीनं फुंकायचं, मऊ ब्रशनं झटकायचं, मग ४१ बाय १०१ मिलिमीटरच्या दोन काचांत मास्क बंद करून कडेनं टेप. काच फार गुळगुळीत असली तर फिल्म तिला टेकते तिथं रंगीत कडी उमटतात, न्यूटनची वर्तुळं. त्यावर वेगळी काच मिळते, ती महाग. सुट्टीच्या दिवशी त्या माळ्यावर घड्याळाची टिकटिक ऐकू येते, आणि मास्तर दर थोड्या वेळानं कान चोळतात.

पुतण्याच्या पुस्तकांत ‘इंडिया थ्रू द स्टिरिओस्कोप’ या संचाबद्दल वाचायला मिळालं. अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीनं तो १९०७ मध्ये काढला. जेम्स रिकल्टन या अमेरिकन प्रवाशाची शंभर दृश्यं, सोबत प्रत्येक ठिकाणी कुठं उभं राहून कुणीकडं बघायचं ते सांगणारा मजकूर आणि नकाशे. मुंबईही त्यात आहे. घरबसल्या हिंदुस्थान बघणाऱ्या अमेरिकन माणसाला मुंबईचा रस्ता खोल दिसला तो कुणामुळं? दोन छापील फोटो कापून, डावं-उजवं बदलून, जाड कार्डावर एका पातळीत चिकटवणाऱ्या कामगारांमुळं. कार्डावर छायाचित्रकाराचं नाव असे, कंपनीचं असे, गावाचं असे. आपल्याकडं कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे मॅजिक लँटर्नचे, खेळ केले, ते हातानं रंगवलेल्या काचांवर. तिथं निदान काचा हाताळणाऱ्या घराचं नाव टिकलं.

आता आमच्या भांडणाकडं येतो. मास्तरांनी घेतलेल्या एका चित्रात तुटलेला ताणा जोडणारा हात आहे. हात मामांचा. उजव्या कडेतून फक्त बोटं आत आलेली, चिमटीत दोन धागे, गाठ पडता पडता. बाकी चित्रभर ताण्याचे धागे, एकापाठी एक, बीमपर्यंत, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळापर्यंत, गेलेले. इतकी स्वच्छ खोली आम्हाला दुसऱ्या कुठल्या चित्रात मिळालेली नाही. पण बोटं खिडकीच्या अलीकडं आहेत आणि उजव्या कडेनं कापली गेली आहेत. नियमानं जवळचा मास्क लावायला हवा. लावला तर उजव्या चित्राची उजवी कड जाते, तिच्याबरोबर बोटांची पेरं जातात, आणि गाठ जवळजवळ आपली आपण पडताना दिसते.

मास्तर म्हणाले, छाट. बघणाऱ्याच्या डोळ्याला त्रास द्यायचा आपल्याला हक्क नाही. त्याचं काम आधीच करून ठेवणं हीच आपली नोकरी. हेच तर ते मला पहिल्यापासून शिकवत आले होते आणि मला ते मनापासून पटतं. तरी मी म्हटलं, राहू द्या. थोडं लुकलुकू दे. त्या कडेशी डोळा अडखळला तर तो तिथं थांबेल, आणि तिथं हात आहे. नीट बसवलेल्या स्लाइडमध्ये नजर घसरत बीमपर्यंत जाते, हाताजवळ थांबायचं तिला काही कारण उरत नाही. मास्तरांना हे बोलणं लेखकी वाटलं. ‘डब्यातली प्रत्येक स्लाइड मग बरोबरच म्हणायची की.’ यावर माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. ही एकच स्लाइड, एवढंच म्हणू शकतो.

शेवटी मामांना विचारलं. त्यांनी एक डोळा लावला, मग दुसरा.

‘दोन्हीकडं बोटं दिसतेत. कापायचं कशाला?’

नेहमीचा, मोठ्या भोकांचा मास्क लावून मी ती काचेत बंद केली आणि चांगल्या स्लाइडांच्या पेटीत ठेवली. पुढच्या सुट्टीला गेलो तर ती पत्र्याच्या डब्यात होती, पाठीवर मास्तरांच्या ग्राफी अक्षरात ‘खिडकी’ असं लिहिलेलं. मी काढून पेटीत ठेवतो, ते परत डब्यात नेतात.